ओयान्तायतांबोत तीन रात्री : वेडेपणा की शहाणपणा?

कैरी_पन्हं
नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज अडलं म्हणून धागा काढतेय.

जुलैमध्ये आई-बाबांना घेऊन पेरूला जायचं घाटतंय. आई ६५, बाबा ६९. ते संभाजीनगरहून शिकागोला आमच्याकडे येतील आणि मग आम्ही चौघं लिमामार्गे कुस्को. माचू पिच्चू हे बाबांचं जुनं खूळ, तेव्हा ते तर होणारच. भांडण त्याच्या अलीकडच्या गावावरून आहे. एजंटने आखलेला बेत असा: कुस्कोत तीन रात्री, मग एका दिवसात अख्खं 'पवित्र खोरं' (पिसाक, उरुबांबा, ओयान्तायतांबो) उरकून संध्याकाळची माचू पिच्चूची गाडी. त्यात ओयान्तायतांबोच्या वाट्याला एक तास दहा मिनिटं.

त्या गावाचे फोटो बघितल्यापासून मला वाटतंय, तिथेच तीन रात्री मुक्काम ठोकावा. नदी, दगडी गल्ल्या, डोंगर, बास. नवरा म्हणतो, तीन दिवस दगड बघत बसणार का? एजंट म्हणतो, "मॅडम, तिथे काही नाही. ते स्टेशन आहे."

खरंच काही नाही का? आईचे गुडघे बेताचेच आहेत. दोघं पक्के शाकाहारी. आणि त्याच दिवसांत आषाढी येतेय, बाबांनी ती कधी मोडलेली नाही.

खिडकीची_जागा
एजंटचं कमिशन कुस्कोच्या हॉटेलात आहे. संपला प्रश्न.

घाटमाथा
जा आणि तीन रात्री राहा. आम्ही दोनच राहिलो, अजून चुटपूट लागून आहे.

आधी उंचीचं बोलतो, कारण आई-बाबा बरोबर आहेत. कुस्को ३४०० मीटरवर. लिमा समुद्रकाठी. विमानातून उतरून थेट कुस्कोत तीन रात्री काढणं म्हणजे डोकं धरून बसायला पैसे मोजणं. ओयान्तायतांबो साधारण २८०० मीटर, माचू पिच्चू २४०० च्या थोडं वर. तेव्हा विमानतळावरूनच टॅक्सी करून खाली खोऱ्यात उतरा, दीड-दोन तास लागतात. कुस्को शेवटी करा, तोवर शरीर सरावतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उंचीवरच्या औषधाचं डॉक्टरांना आधी विचारा, इथल्या कुणाच्या सल्ल्याने घेऊ नका, माझ्याही.

आता गाव. पर्यटकांच्या बसेस साधारण दहाला येऊन धडकतात आणि संध्याकाळी गायब होतात. त्यानंतर गाव गावाचं होतं. चौकाच्या मागे ज्या सरळ उभ्या-आडव्या गल्ल्या आहेत ती इन्कांची मूळ आखणी, पंधराव्या शतकातली. तिला अवशेष म्हणता येत नाही, कारण तिथे माणसं राहतात. भिंतीचा खालचा पुरुषभर भाग इन्कांचा घोटीव दगड, वर मातीच्या विटा, त्यावर कौलं. एका दगडी चौकटीतून आत शिरलं की मधे अंगण आणि भोवती तीन-चार खोल्या, आपल्या वाड्यासारखं. त्याला 'कांचा' म्हणतात. गल्लीच्या कडेने उघडा पाट वाहतो, तोही जुनाच. रात्री दुसरा काहीच आवाज नसतो. मी पहिल्या रात्री दोनदा उठून नळ बंद आहे ना बघून आलो.

ताकघुसळे
नळ बंद बघणारे घाटमाथा हे खरे मराठी.

दगडफोड्या
थोडं थंड पाणी ओततो. तीन रात्री जास्त होतात. गाव एका तासात पालथं घालून होतं. गावावरच्या इन्कांच्या किल्ल्याला अर्धा दिवस. कुस्कोत संग्रहालयं आहेत, कोरिकांचा हे इन्कांचं मुख्य सूर्यमंदिर आहे, साक्सायवामान किल्ल्याच्या भिंती आहेत. पहिल्यांदा जाताय तर तिथे दिवस द्या.

पण तो अर्धा दिवस मात्र नीट द्या, एक तास दहा मिनिटांत पायऱ्या चढून फक्त धाप लागेल. मी स्थापत्य अभियंता, म्हणून जरा लांबण लावतो. इथल्या किल्ल्यावर सूर्यमंदिराची सहा प्रचंड शिळांची भिंत आहे, गुलाबी दगडाची. दोन शिळांच्या मधे दगडाच्याच अरुंद पट्ट्या बसवल्यात, हे इतरत्र फारसं दिसत नाही. तो गुलाबी दगड या डोंगरातला नाहीच. नदीच्या पलीकडे काचिकाता नावाची खाण आहे, काही किलोमीटरवर, तीही उंच डोंगरात. म्हणजे शिळा आधी डोंगरावरून खाली उतरवायची, नदी ओलांडायची आणि पुन्हा या डोंगरावर चढाच्या रस्त्याने ओढत न्यायची. चाक नाही, बैल नाही. काही शिळा वाटेतच राहिल्यात. त्यांना तिथे 'थकलेले दगड' म्हणतात.

मंदिर अर्धवटच राहिलंय, आणि मला तेच आवडलं. पूर्ण झालेली इमारत तिचं गुपित सांगत नाही, अर्धवट इमारतीत कामाची पद्धत उघडी पडते.

परग्रह_प्रेमी
मशीनशिवाय हे शक्यच नाही. कापण्याच्या खुणा बघा जरा.

दगडफोड्या
आला हा. अहो, प्रोत्झेन नावाचे वास्तुशास्त्राचे प्राध्यापक होते, बर्कलीला. ते इन्कांच्या खाणींत जाऊन बसले, तिथेच सापडणारे कठीण गोटे हातात घेतले आणि दगड घडवून दाखवला. सांधे जुळवूनही दाखवले. गोट्याने ठोकलं की जे खळगे पडतात तेच खळगे भिंतींवर आहेत. लागतो तो वेळ आणि माणसं. इन्कांकडे दोन्ही होतं, कारण प्रजा कर म्हणून श्रम द्यायची.

ताकघुसळे
आमच्या वेरूळच्या कैलासालाही हेच परग्रहवासी चिकटवतात. चार शतकं राबणाऱ्या माणसांना श्रेय द्यायचं लोकांच्या जिवावर येतं.

दगडफोड्या
कैलासाला चार शतकं नाही लागली हो, पण भावना पोचल्या.

भाकरवडी_डेन्व्हर
कैरी, आईच्या गुडघ्यांचं बोलते. किल्ल्याच्या पायऱ्या वाईट आहेत. एकेक पायरी आपल्या जिन्याच्या दीडपट, एका बाजूला कठडा नाही. माझ्या सासूबाई खालीच थांबल्या, आणि त्यांचा दिवस आमच्यापेक्षा बरा गेला. खाली सपाटीवर दगडात कोरलेली कारंजी आहेत, त्यातलं एक 'राजकन्येचं स्नानगृह' म्हणून दाखवतात. पाणी अजून पडतंय. सावलीत बसून त्यांनी दोन तास स्वेटर विणला आणि तीन बायका येऊन त्यांची वीण बघून गेल्या. एकमेकींची भाषा शून्य.

तिकीट वेगळं नसतं, 'बोलेतो तुरिस्तिको' हे एकत्रित तिकीट घ्यावं लागतं, ते पिसाक, चिंचेरो, मोराय या ठिकाणांनाही चालतं. रोख सोल (तिकडचं चलन) जवळ ठेवा. समोरच्या पिंकुय्युना डोंगरावर धान्यकोठारं आहेत, तिथे तिकीट नाही, पण वाट उभी आणि निसरडी. बाबांना एकटं सोडू नका.

सरकारी_पाहुणा
व्हिसाचं कुणी बोललंच नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा किमान सहा महिने वैध असेल तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. निघण्याआधी वकिलातीच्या पानावर एकदा खात्री करा. आणि पीतज्वराची लस! त्याशिवाय भारतात परतल्यावर विलगीकरणात बसवतात.

भाकरवडी_डेन्व्हर
सरकारी, अर्धं बरोबर. तो नियम पीतज्वराच्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्यांना. कैरीचे आई-बाबा शिकागोला परत येऊन राहणार असतील तर प्रश्न नाही. साठीनंतर त्या लशीचा धोका वाढतो, उगाच टोचून घ्यायची गोष्ट नाही ती. कुस्को, खोरं, माचू पिच्चू एवढंच करणाऱ्यांना ती सुचवतही नाहीत, जंगलात उतरणाऱ्यांना सुचवतात. डॉक्टरांशी बोलून ठरवा.

कैरी_पन्हं
बापरे, किती लिहिलंत! आई-बाबा पेरूनंतर आमच्याकडे दोन महिने आहेत, म्हणजे सुटलो. दगडफोड्या, तुमचं वाचून नवरा जिंकल्यासारखा हसतोय, आणि बाबा 'थकलेले दगड' ऐकून तीन रात्रींच्या बाजूने झालेत. दोन विरुद्ध एक. आई म्हणते, खायला काय मिळणार ते आधी सांगा.

खिडकीची_जागा
गिनीपिग.

कैरी_पन्हं
खिडकी!!

औत
एकादशीवाल्या बाबांना सांगा, तुम्ही उपासाच्या माहेरी चाललात. बटाटा त्या डोंगरांतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावा तिकडचाच. रताळं, मिरची तिकडची. राजगिरासुद्धा, आणि तिथे त्याला 'किविचा' म्हणतात, त्याचे लाडू नाही पण वड्या मिळतात. आपल्या उपासाच्या ताटातून पोर्तुगीज जहाजं वजा केली तर वरीचे तांदूळ, दूध आणि केळं एवढंच उरेल.

नाममात्र
म्हणजे ज्ञानोबांच्या काळात साबुदाण्याची खिचडी नव्हती??

औत
नव्हती. बटाट्याचा कीसही नव्हता. वारकरी तरीही पंढरपूरला पोचत होते.

सरकारी_पाहुणा
श्रद्धेची थट्टा नको.

औत
थट्टा कुठे, कौतुक चाललंय.

घाटमाथा
जेवणाचं. 'सिन कार्ने' म्हणजे मांसाशिवाय, पण नुसतं तेवढं म्हटलं की कोंबडी वाढतात, कारण कोंबडी त्यांच्या हिशेबात मांस नाही. 'सिन पोयो, सिन पेस्कादो' हेही म्हणा. किन्वाचं सूप छान दिसतं, पण पाणी बहुतेक कोंबडीच्या हाडांचं असतं, विचारून घ्या. निर्धास्त खायचं तर 'चोक्लो कोन केसो': अंगठ्याच्या नखाएवढ्या दाण्यांचं पांढरं कणीस उकडून, सोबत ताज्या चीजचा तुकडा. रस्त्यावर बायका टोपलीत घेऊन बसतात. दाणा एकेक सोलून खायचा, कणीस दातांनी ओरबाडायचं नाही, मला एका आजीने हातावर चापट मारून शिकवलं.

लांब बांबूच्या टोकाला लाल प्लास्टिकची पिशवी बांधलेली दिसली तर त्या घरी मक्याची 'चिचा' तयार आहे. आंबूस, जरा चढणारी. पहिला घोट जमिनीवर सांडतात, धरणीमातेला. आपली चित्राहुती आठवली. एकादशीला टाळा.

रानफूल
मी गिनीपिगवर गंभीरपणे लिहिते. कांचातल्या घरांमध्ये ते स्वयंपाकघराच्या जमिनीवर मोकळे फिरतात, ओल्या गवताच्या काड्या खात, कुई-कुई करत. नाव त्यावरूनच, 'कुय'. सणाला कापतात. घर बघायला आत बोलावतात तेव्हा एका कोनाड्यात पूर्वजांच्या कवट्याही ठेवलेल्या दिसतात. आईंना आधी कल्पना द्या.

औत
घाटमाथा, तिकडच्या शेतीत 'आयनी' म्हणून पद्धत आहे असं वाचलंय, ती आपली इर्जिकच ना?

घाटमाथा
गाइडने सांगितलं होतं: आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या.

औत
मग इर्जिक नव्हे, ती सावड. आज तुमचे बैल-माणसं माझ्याकडे, परवा माझी तुमच्याकडे, हिशेब मनात. इर्जिकीत गावाला बोलवायचं, एका दिवसात रान उरकायचं आणि रात्री जेवण घालायचं, परतफेड त्या जेवणातच.

रानफूल
तशीही पद्धत आहे तिकडे, तिला 'मिन्का' म्हणतात. घरधनी जेवण आणि चिचा पुरवतो.

औत
बघा. दोन्ही आहेत. आमच्याकडे मात्र ट्रॅक्टर आला आणि दोन्ही गेल्या.

गडकरी_बुवा
इतका वेळ वाट पाहिली, लढाईचं कुणी लिहीना. १५३६ मध्ये इन्का राजा मांको याने स्पॅनिशांविरुद्ध बंड केलं, कुस्कोला वेढा घातला. जानेवारी १५३७ मध्ये स्पॅनिश सरदार हेर्नांदो पिसारो घोडदळ घेऊन ओयान्तायतांबोवर चालून आला. वरून दगड आणि बाण. आणि मग मांकोने पाटांचं पाणी खालच्या मैदानात सोडलं. चिखलात घोडे रुतले आणि पिसारोला रात्रीतून परत फिरावं लागलं. अस्सल गनिमी कावा!

ताकघुसळे
धागा इथे घसरणार हे मला पहिल्या पोस्टीपासून माहीत होतं. आता सव्वीस प्रतिसाद शिवनेरीवर.

गडकरी_बुवा
घसरू देत नाही. पुढचं एवढंच, की मांकोला विजय टिकवता आला नाही. स्पॅनिशांना कुमक येणार हे ओळखून तो त्याच वर्षी जंगलातल्या विल्काबांबाला निघून गेला. ते शेवटचं ठाणं १५७२ पर्यंत तगलं. किल्ल्यावर उभं राहून खाली बघितलं की पात्कांचा नदी उरुबांबाला मिळते तो सपाट तुकडा दिसतो, आज तिथे मका आहे. बाकी गाइड काहीही सांगोत, ती जागा नक्की बघा.

दगडफोड्या
बुवा, तुम्ही गेलाय?

गडकरी_बुवा
नाही. कर्जतच्या पुढे फारसा गेलो नाही. वाचलंय.

खिडकीची_जागा
:)) बुवांना मानाचा मुजरा.

घाटमाथा
नदीचं राहिलंच. ती एकच नदी, वर तिला विल्कानोता म्हणतात, खाली उरुबांबा. पुढे ती उकायालीतून अ‍ॅमेझॉनला जाते. म्हणजे गावाच्या पाटात हात बुडवला तर ते पाणी शेवटी अटलांटिकला, प्रशांत महासागर एवढा जवळ असून. गावाबाहेर पुलाखाली पात्राच्या मधोमध इन्कांचा दगडी खांब अजून उभा आहे, आणि प्रवाहाचा मारा अडवायला त्याच्या वरच्या अंगाला मोठाले धोंडे टाकलेत. संध्याकाळी तिथे कुत्री आणि आम्ही.

कैरी_पन्हं
तिकिटं काढली! तीन रात्री. कळवतेच.

---

कैरी_पन्हं
धागा वर आणतेय, दोन महिने उशिरा. सॉरी.

आधी रिक्षाचं सांगते. बाबा वाळूजच्या बजाजमधून निवृत्त झालेत, तीनचाकीच्या विभागातून. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं कारण त्याचा पेरूशी काय संबंध? ओयान्तायतांबोच्या चौकात टॅक्सीतून उतरलो तर समोर ओळीने बजाजच्या रिक्षा. मागे रंगीत ताडपत्री, झालरी, येशूचं चित्र. बाबांनी बॅगा तिथेच टाकल्या आणि एका रिक्षाशेजारी उकिडवे बसून खालून बघायला लागले. चालक पोरगा गोंधळला. नवऱ्याने मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं की हे या बनवायचे. तिथे त्या रिक्षेला 'तोरितो' म्हणतात, म्हणजे छोटा बैल. त्या पोराने मग छपराकडे बोट दाखवलं: घराच्या कौलावर मातीच्या बैलांची जोडी, मधे क्रूस, घराच्या रक्षणासाठी. तेही तोरितो. बाबा पुढचे तीन दिवस प्रत्येक कौलाखाली थांबले. त्या पोराच्या रिक्षेचा एक आवाज त्यांना पटला नाही, पाना मागून घेऊन काहीतरी आवळलं. त्याने स्टेशनपर्यंतचे पैसे घेतले नाहीत. औत, याला सावड म्हणायचं का?

एकादशी. बाजारात बटाट्यांचे इतके प्रकार की आई हरखली. आतून जांभळे, अननसासारखे खवल्यांचे, करंगळीएवढे. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी चूल दिली, आईने बटाटे उकडले, शेंगदाणे भाजले, रताळी होती. प्रश्न मिठाचा आला, कारण बाबांना उपासाला सैंधव लागतं. आदल्या दिवशी मारासची मिठागरं बघितली होती. डोंगराच्या कुशीतून खारा झरा येतो आणि हजारो वाफ्यांमध्ये वळवून सुकवतात, वाफे गावातल्या कुटुंबांच्या मालकीचे. तिथलं गुलाबी मीठ घेतलं होतं. बाबांनी चिमूटभर तळहातावर घेऊन दोन मिनिटं विचार केला आणि निकाल दिला: डोंगरातलं आहे, समुद्राचं नाही, चालतं.

दगडफोड्या, तुमच्यासाठी एक. बाबांनी कैलास शंभरदा बघितलाय. त्या सहा शिळांसमोर बराच वेळ उभे राहून म्हणाले, "तिथे डोंगरातून नको ते काढून टाकलं. इथे हवं ते आणून लावलं. हे जास्त अवघड, चुकलं तर परत आणायला जावं लागतं." मग थकलेले दगड बघायला जायचा हट्ट. एक खाली शेतातच सापडला, त्याला टेकून डुलकी काढली.

तक्रारी: रात्री थंडी भयंकर, खोलीत हीटर नाही, तीन-तीन ब्लँकेटं. डोंगरामुळे सूर्य लवकर जातो आणि एकदम गारठा. चौकात दिवसा ट्रक-बसेसची इतकी कोंडी की 'शांत गाव' म्हणणाऱ्याला शोधावंसं वाटतं. तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा खरंच कंटाळला, खोटं कशाला बोलू. रेल्वेत सामान थोडंच नेऊ देतात, मोठ्या बॅगा घरमालकिणीकडे ठेवल्या.

रानफूल, आईला कल्पना द्यायची राहिली. तिने तीन दिवस त्या कुयना स्वतःच्या हाताने मक्याची पानं घातली, एकाचं नाव बंड्या ठेवलं. निघताना मालकिणीने कौतुकाने विचारलं की हा सणासाठी राखू का. मी भाषांतर केलं नाही.

औत
सावडच. बाबांना नमस्कार सांगा.

दगडफोड्या
"हवं ते आणून लावलं" हे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार, बाबांची परवानगी आहे असं धरतो. तीन रात्रींबद्दलचं माझं मत निम्मं मागे. नवऱ्याच्या तिसऱ्या दुपारमुळे निम्मं ठेवतो.

ताकघुसळे
बंड्यासाठी दोन मिनिटं शांतता.

नवा_प्रवासी
छान धागा, वाचनखूण साठवली. आम्हाला फेब्रुवारीत सुट्टी आहे, तेव्हा गेलं तर चालेल का?

घाटमाथा
ऐन पावसाळा असतो. इन्का ट्रेल, म्हणजे माचू पिच्चूला पायी जायची वाट, फेब्रुवारीत बंदच ठेवतात. २०१० च्या जानेवारीत याच नदीने रुळ वाहून नेले होते आणि माचू पिच्चूच्या पायथ्याला अडकलेले पर्यटक हेलिकॉप्टरने काढावे लागले. डोंगर मात्र हिरवेगार असतात आणि गर्दी कमी. गेलात तर माचू पिच्चूचा दिवस अगदी शेवटचा ठेवू नका, नंतर दोन दिवस मोकळे असू द्या.

कैरी_पन्हं
आणि जाड मोजे न्या.